चित्रफितीचे आयुष्य



२०१६ सालच्या भारतीय चित्रपटांत सर्वोत्कृष्ट ठरून ज्याला सुवर्णकमळ मिळाले, तो ‘कासव’ हा मराठी चित्रपट आमच्या देवगडच्या किनाऱ्यावर चित्रित झालेला आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या जोडीने तो दिग्दर्शित केला. त्यापूर्वी, २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’लाही हाच मान लाभला होता; त्यातील दृष्टी गमावू पाहणारे ते पोर आणि त्याला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन जाणारे आजोबा, दोघेही कोकणातलेच. आणि अगदी आरंभी, १९५३ सालच्या चित्रपटांकरिता राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्यानेच देण्यात आले, तेव्हा ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने पटकावले. तीही कोकणातल्याच एका घरची कथा. या योगायोगाचा आम्हां कोकणवासीयांना अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. परंतु या तीन चित्रपटांच्या गुणांविषयी आज मला बोलावयाचे नाही. मी एक अगदी व्यवहारी, काहीसा रुक्ष प्रश्न आपणापुढे मांडणार आहे. आणखी शंभर वर्षांनी हे तीन चित्रपट पाहावयास मिळतील काय? आणि एखादाच मिळावयाचा असेल, तर तो कोणता?

बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येईल : सर्वांत नवा तो सर्वांत सुरक्षित. ‘श्यामची आई’ हा जुना कृष्णधवल चित्रपट, त्याची फीत कधीतरी झिजणारच. ‘श्वास’ रंगीत फितीवरचा. ‘कासव’ मात्र डिजिटल पद्धतीचा, म्हणजे केवळ अंकांच्या रूपाने साठवलेला. अंकाला ना गंज चढतो, ना बुरशी. तेव्हा तो अमर! हे उत्तर वरवर पाहता बिनतोड दिसते. पण थोडे खोलात शिरताच ते डळमळू लागते.

प्रथम फितीविषयी. ज्याला आपण चित्रपटाची फीत म्हणतो ती पस्तीस मिलिमीटर रुंदीची, तीन थरांची एक पट्टी असते. खाली पारदर्शक पाठ, तिच्यावर जिलेटिनचा पातळ लेप आणि त्या लेपात चित्र : कृष्णधवल असल्यास चांदीचे सूक्ष्म कण, रंगीत असल्यास रंगद्रव्ये. एका फुटात सोळा चित्रे बसतात. बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रे पडद्यावरून जातात, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फीत उलगडते. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट, किंवा सव्वा कोसाहून लांब अशी ही पट्टी झाली. तिच्या प्रत्येक इंचाला हवा लागते, उष्मा लागतो, हाताचा घाम लागतो.

या पट्टीची पाठ प्रारंभी नायट्रेटची असे. १९५१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, आणि ते थांबले हे बरेच झाले. कारण हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ. एकदा पेटला की ज्वलनास लागणारा प्राणवायू तो स्वतःच पुरवतो, त्यामुळे पाण्यात बुडवला तरी विझत नाही. पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे प्रभात कंपनीच्या जुन्याच जागेत, नायट्रेट फितींचे जे कोठार होते त्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि प्रभातच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ फिती तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या. ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटांच्या नंतर काढलेल्या प्रती उरल्या आहेत म्हणून ते आजही आपण पाहतो; परंतु मूळ ते मूळ. प्रतीवरून केलेली प्रत ही पुन्हा उगाळलेल्या चंदनासारखी; गंध येतो, पण तो पहिला नव्हे.

नायट्रेटनंतर आली ॲसिटेटची फीत. तिला ‘सुरक्षित फीत’ असे नाव मिळाले. ती भडकत नाही हे खरे, पण ती आतून आंबते. उष्ण व दमट हवेत तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच शिर्क्याचा दर्प नाकात भरतो. मग फीत आक्रसते, वळते, ठिसूळ होते. यातील वाईट भाग असा की सुटलेले आम्ल हेच पुढील नाशाला गती देते आणि शेजारच्या डब्यांतील फितींनाही ते बाधते. शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज असा की, एकवीस अंश उष्णता व पन्नास टक्के आर्द्रता अशा हवेत नव्या ॲसिटेट फितीला आंबू लागण्यास सुमारे चाळीस वर्षे लागतात. आता एकवीस अंश व पन्नास टक्के ही हवा आमच्या किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात कोठून आणावयाची? त्या दिवसांत येथील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पापडाचा डबा दोन दिवस उघडा राहिला तर काय होते, पेटीतल्या शालूवर ठिपके कसे पडतात, दाराच्या बिजागऱ्या एका पावसाळ्यात कशा तांबारतात, हे कोकणातल्या गृहिणींना मी सांगावयास नको. आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला सरस. बुरशीला याहून रुचकर मेजवानी कोणती?

रंगीत फितीला आणखी एक दुखणे असते. तिच्यातील तीन रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. निळसर रंगद्रव्य बहुधा आधी मावळते आणि उरते ती गुलाबी-जांभळट छटा. १९६० ते १९८० च्या दरम्यानच्या कित्येक चित्रपटांच्या जुन्या प्रती लावल्या की आभाळ, झाडे, माणसे सारी गुलालात न्हाऊन निघाल्यासारखी दिसतात, ती यामुळे. म्हणजे मधला ‘श्वास’ हा जुन्या ‘श्यामची आई’हून अधिक टिकाऊ, असेही म्हणता येत नाही. नीट धुतलेली, गारव्यात ठेवलेली कृष्णधवल फीत चांदीच्या बळावर रंगीत फितीला सहज मागे टाकते.

या साऱ्या रोगांहून मोठा रोग मात्र माणसाच्या मनातला. चित्रपट दाखवून झाला, पैसा वसूल झाला, की त्याचा डबा अडगळीत. नायट्रेट फितीतील चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी मूकपट शब्दशः वितळवण्यात आले. परिणाम काय झाला तो पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे सुपुत्र रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतले, तेव्हा, १९०१ च्या डिसेंबरात, मुंबईत झालेल्या त्यांच्या स्वागताचे चित्रण सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी केले होते. भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या वार्ताचित्रांपैकी ते एक. ते आज नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे तेवढे उरले आहे, आणि तीही रिळे १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या प्रतीची असावीत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रे घेतली, ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला, तो १९२५ चा मूकपट कोणी पाहू म्हणेल तर पाहावयास नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. त्याची एक फूटभर फीतसुद्धा शिल्लक नाही. या देशात तेराशेंवर मूकपट निघाले. त्यांतील तीसदेखील आज हाती नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक तुकड्यातुकड्यांनी.

जे वाचले ते पुष्कळसे एका माणसाच्या चिकाटीने वाचले, हे येथे सांगितलेच पाहिजे. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. त्याचे प्रमुख पी. के. नायर हे केरळचे; परंतु मराठी चित्रपटावर त्यांचे जे ऋण आहे ते फेडणे कठीण. नाशकास फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी फितींचे तुकडे मिळवले. १९१९ चा ‘कालिया मर्दन’, ज्यात फाळक्यांची छोटी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती, तो आज बऱ्याच अंशी पाहता येतो तो या खटपटीमुळे. नायर २०१६ साली वारले. ज्या राज्याने या कलेतून एवढे नाव व द्रव्य मिळवले, त्या राज्यात हे काम परप्रांतीयाला पदरमोड केल्यागत तळमळीने करावे लागले, याची थोडी लाज आपणांस वाटावयास हरकत नसावी.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. २००५ नंतर चित्रपटगृहांत फितीऐवजी उपग्रहावरून वा डिस्कवरून चित्रपट येऊ लागला आणि दहा वर्षांच्या आत फितीचा प्रोजेक्टर भंगारात गेला. घाटावरच्या जत्रांतून तंबू ठोकून खेळ करणाऱ्या फिरत्या टॉकीजवाल्यांनाही तो टाकावा लागला. त्यांच्यावर २०१६ साली निघालेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ती घालमेल ठाऊक आहे. जपानच्या फुजी कंपनीने २०१३ साली चित्रणाची फीत करणे सोडले. अमेरिकेच्या कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा सर्वांनी म्हटले, फीत संपली.

ती संपली नाही. २०१५ साली हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी कोडॅकशी करार करून ठरावीक फीत विकत घेण्याची हमी दिली आणि रॉचेस्टरचा कारखाना चालू राहिला. २०२३ च्या ‘ओपनहायमर’साठी तर कोडॅकने पासष्ट मिलिमीटरची कृष्णधवल फीत पहिल्यानेच तयार केली, त्या चित्रपटाच्या सर्वांत मोठ्या प्रतीची लांबी अकरा मैल भरली. यात हौस आहे, श्रीमंती आहे आणि थोडी मिरवामिरवीही. तुटपुंज्या भांडवलावर निघणाऱ्या मराठी चित्रपटाने हाच मार्ग धरावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. डिजिटल कॅमेरा नसता तर ‘कासव’सारखे कितीतरी चित्रपट निघालेच नसते. चित्रण कशावर करावे हा एक प्रश्न आणि केलेले कशावर जपावे हा दुसरा. या दोहोंची गल्लत होते, तेथेच सारा घोटाळा आहे.

कारण डिजिटल चित्रपट जपणे म्हणजे तो डिस्कमध्ये घालून कपाटात ठेवणे नव्हे. न वापरता ठेवलेली हार्डडिस्क काही वर्षांनी सुरूच होत नाही, हा अनुभव पुष्कळांना आहे. मोठ्या संस्था अंक चुंबकीय फितीवर साठवतात. पण त्या फिती वाचणारी यंत्रे दर काही वर्षांनी बदलतात आणि नव्या यंत्राला दोनएक पिढ्यांमागची फीत वाचता येत नाही. म्हणून सगळा साठा वेळोवेळी नव्या फितीवर उतरवून काढावा लागतो. अमेरिकेतील चित्रपट अकादमीने २००७ साली या विषयावर एक अहवाल काढला. चित्रपटाची मूळ प्रत फितीवर जपण्यास वर्षाला १,०५९ डॉलर, तर तोच उच्च दर्जाचा डिजिटल रूपात जपण्यास १२,५१४ डॉलर खर्च येतो, असा त्यांचा हिशेब होता. त्यानंतर साठवणीची साधने स्वस्त झाली, आकडे बदलले. पण दर काही वर्षांनी पुन्हा उतरवून काढण्याचे झंझट सुटलेले नाही.

देवगडकरांना हे समजावण्यास मला एक सोपा दाखला सुचतो. हापूसची बाठ रुजत घातली तर रोप येते, झाड होते, पण त्याला हापूस लागेलच असे नाही. हापूस हवा तर कलमच बांधले पाहिजे. आज आपल्या बागांत उभा असलेला हापूस हा पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी एका झाडावरून दुसऱ्यावर आणलेला आहे. मध्ये एकाही पिढीने आळस केला असता तर तो मागेच संपला असता. डिजिटल चित्रपटाचे तसेच आहे. तो कलमावर जगतो. उलट, नीट ठेवलेली फीत ही कोरड्या जागी ठेवलेल्या बियाण्यासारखी. चार-सहा दशके कोणी ढुंकून पाहिले नाही तरी उजेडाकडे धरताच चित्र दिसते. ते पाहण्यास एक भिंग व एक दिवा पुरे. अंकांना मात्र त्या त्या काळचे यंत्र आणि त्या यंत्राची भाषा दोन्ही हवीत.

नाशाच्या रीतीतही भेद आहे. फीत थोडीथोडी नासते. सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीच्या मूळ फिती १९९३ साली लंडनमधील एका आगीत होरपळल्या होत्या. तथापि त्या जळक्या, चिकटलेल्या वेटोळ्यांना इटलीत बोलोन्या येथे महिनोन्‌महिने ओलावा देऊन, सोडवून, त्यांतून कितीतरी चित्रे परत मिळवण्यात आली आणि २०१५ साली तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. डिस्क बिघडली तर असे अर्धेमुर्धे बहुधा हाती लागत नाही. आहे तर सारे आहे, नाही तर काहीच नाही.

याचा अर्थ डिजिटल तंत्राशी वैर धरावे असा नव्हे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ घ्या. १९७६ सालचा हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला, आणि त्यात आपली स्मिता पाटील आहे. २०२४ साली तो कान महोत्सवात नव्या तेजाने दाखवण्यात आला. ही किमया डिजिटल यंत्रांचीच. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ती घडवून आणली. परंतु त्या यंत्रांना काम करावयास मिळाले ते पुण्याच्या संग्रहालयात मूळ निगेटिव्ह शिल्लक होती म्हणून. आवाज घेतला तो दुसरीकडे जपलेल्या एका जुन्या प्रतीवरून. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी हाती असलेल्या यंत्रांनी त्या निगेटिव्हची जी काय नक्कल निघाली असती, तिच्यावर विसंबून मूळ फेकून दिले असते तर? पुढील पन्नास वर्षांत आजच्याहून सूक्ष्म यंत्रे निघतील. त्यांना पाहावयास मूळ उरले पाहिजे.

म्हणून ‘आम्ही सगळे डिजिटल करून घेतले’ असे कोणी समाधानाने सांगू लागला की मला धास्ती वाटते. पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो : आणि फिती कोठे आहेत? राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी सरकारने सुमारे ६०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. २०२२ साली पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. हजारो रिळांची तपासणी व डिजिटल प्रती काढण्याचे काम तेथे चालले आहे. हे उत्तमच. परंतु पुस्तक छापले की त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांस देण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर आहे. चित्रपट काढणाऱ्यावर तसे बंधन नाही. ते असावे, आणि आजच्या डिजिटल चित्रपटांना तर आधी असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या निर्मात्याची कंपनी चार वर्षांत बंद पडते, कार्यालयाची जागा सुटते, आणि ती डिस्क कोणाच्या खणात गेली हे त्याच्या मुलालाही सांगता येत नाही. नभोवाणीवरील भाषणांचीही गत याहून फार निराळी नाही. बोललेले हवेत विरते, आणि एखाद्या मासिकाने छापले म्हणून चार लोकांच्या संग्रही राहते.

अखेर घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण चित्रफिती काही केवळ स्टुडिओतच नसतात. ज्या घरातील कोणी आफ्रिकेत, आखातात किंवा बोटीवर नोकरीस होते, त्या घरात आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर घेतलेली दोन-चार छोटी रिळे एखाद्या ट्रंकेत निघण्याचा संभव पुष्कळ आहे. मुंज, लग्न, बंदरातली शिडाची गलबते, पाडण्यापूर्वीचे जुने घर : काय निघेल सांगता येत नाही. असे रीळ सापडले तर जुन्या प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह प्रथम आवरावा. आक्रसलेली फीत दात्यांत अडकून टराटरा फाटते. डबा उघडून वास घ्यावा. आंबट वास आला तर ते रीळ इतरांपासून वेगळे काढावे. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये, आतली आम्लवाफ आतच कोंडते. कौलांखालचा किंवा पत्र्याखालचा माळा ही फितीची सर्वांत वाईट जागा. घरातल्या गार, कोरड्या कपाटात रीळ आडवे निजवून ठेवावे. गंजका डबा असेल तर टाकावा, मात्र त्यावरची चिठ्ठी टाकू नये. जाणकाराकडून डिजिटल प्रत अवश्य करून घ्यावी, ती दोन-तीन ठिकाणी ठेवावी, आणि त्यानंतर मूळ रीळ मुलांना खेळावयास देऊ नये. पस्तीस मिलिमीटरची १९५१ पूर्वीची मोठी रिळे कोणाकडे निघाली, एखाद्या बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या अडगळीत म्हणा, तर ती नायट्रेटची असू शकतात. ती घरात ठेवू नयेत, एसटीने पाठवू नयेत, प्रथम पुण्याच्या संग्रहालयाला कळवून त्यांच्या सल्ल्याने वागावे.

आणि प्रत्येक रिळाबरोबर कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे : कोणाचे लग्न, कोणते गाव, कोणते साल, डाव्या हाताला उभी असलेली ती बाई कोण. हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवरच ते लिहून होईल. येत्या मे महिन्यात मुंबईची मंडळी आंब्यांसाठी घरी आली की ट्रंक उघडावी.